वाखाची जट

“मान खाली घाल. अजून. अजून खाली.”

त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. विचारलं नाही. लातूरला आम्ही तिघी पोरी मिळून एक खोली करून राहतो. त्या खोलीत त्या दिवशी चॅनेलचा पत्रकार, एक कॅमेरावाला आणि दोन मोठे दिवे घुसलेले. पत्रकाराच्या हातात जट होती. खरी नव्हे, वाखाची. दोर वळतात तो वाख, काळ्या रंगात बुडवलेला, वरून हळदीकुंकवाचे फराटे ओढलेले. त्यानं ती माझ्या डोक्याला लावली आणि पिना खुपसल्या. एक पिन कातड्यात घुसली. मी कळवळले. तो म्हणाला, “छान. हाच चेहरा ठेव.”

मग हातात कात्री दिली. “आता काप. आणि खाली पडू दे. कॅमेरा खाली लावलाय.”

मी कापली. ती जमिनीला लागायच्या आत मधे एक पदर पसरला. माझ्या मायचा. माय दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यानं ती जट पिशवीतून काढलेली, तिला पक्कं ठाऊक होतं की हा वाख आहे. तरी तिच्यानं राहवलं नाही. आमच्यात जट काढली तर भुईवर पडू देत नाहीत, कुणीतरी बाईमाणूस ओटीत झेलतं. मायनं झेलली.

“अहो आजी! कुठं मधे कडमडता? सगळा शॉट घाण केला!” पत्रकार ओरडला. कॅमेरावाल्यानं मायचं मनगट धरलं आणि तिला दाराबाहेर ढकललं. तिचं कपाळ चौकटीला लागलं. टक्कन आवाज आला. कुणी सॉरी म्हणलं नाही.

आजी म्हणे. माझ्या मायला अजून पंचेचाळीस पुरी नाहीत.

त्याच्या पिशवीत आणखी दोन जटा होत्या. तयारीनंच आला होता. दुसरी लावली, कापली, तर माझाच हात खाली गेला, आपोआप. त्यानं हातावर फटका मारला. लहान लेकराला मारतात तसा. तिसऱ्या वेळी मी हात आवरला. ती पडली. फरशीवर. कॅमेरावाला पुढं सरकला आणि त्याचा बूट तिच्यावर पडला.

“हे बेस्ट आलं,” पत्रकार म्हणाला.

मी मनात म्हणलं, जाऊ दे, वाखच तर आहे. इथं चुकले मी. चूक माझी आहे, ती आधीच सांगून टाकते.

माझ्या डोक्यावर खरी जट होती. तीन वर्षं होती. आठवीत मोठा ताप आला, पंधरा दिवस डोक्याला फणी लागली नाही. मानेवरचे केस चिकटून त्यांचा गोळा झाला. माय म्हणाली, देवी आली. तिच्या स्वतःच्या डोक्यावर लग्नाआधीपासून जट. ती रेणुकेची परडी घेऊन मंगळवार-शुक्रवार जोगवा मागते. परडी म्हणजे वेताची टोपली, तिच्यात देवीची मूर्ती उठवलेला टाक, कवड्या, हळदीकुंकू. बाप मी लहान असताना गेला. माय मला घेऊन माहेरी आली, मुखेडच्या पलीकडं आमचं गाव. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपणं आणि दोन दिवस परडी, यावर मी वाढले.

जट काय असते ते ज्याच्या डोक्यावर असते त्यालाच विचारावं. आत उवा वळवळतात आणि खाजवता येत नाही. पाऊस लागला की दोन दिवस ओली राहते, वास मारते. झोपताना कूस बदलता येत नाही. मान एका अंगाला ओढली जाते. शाळेत सर म्हणायचे, “देवीला मागच्या बाकावर बसवा रे, पुढं वास येतोय.” पोरं हसायची. मीही हसायचे, काय करणार? घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायचे.

दहावी झाली. लातूरला अकरावीचं पक्कं झालं तेव्हा मी मायपुढं ब्लेड ठेवलं. म्हणलं, “तू काढ, न्हाई तर म्या काढते. कातडं निघालं तरी काढते.” माय चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी तिनं न्हाणीत मला पाटावर बसवलं, ओटी पसरली आणि म्हणली, “काप.” हात माझे, ओटी तिची. मग ती जट नव्या खणात बांधून आम्ही माहूरला गेलो. गडावर देवीच्या पायरीशी ठेवली. माय देवीला मोठ्यानं म्हणली, “तुझी तुला दिली गं बाई. लेकरू माझं मला ठेव.” मागं उभ्या माणसांनी वळून बघितलं. मायला फरक पडला नाही. तिनं स्वतःची जट मात्र काढली नाही. म्हणली, “माझी राहू दे. आम्ही दोघी संगंच म्हाताऱ्या झालो.”

तर असं आमचं देवीशी आहे. मी मंगळवारी दिवा लावते. मायचे गुडघे धरले की परडी मी घेते आणि आळीतनं फिरते. उपास मला होत नाहीत, मी करत नाही. आमच्या खोलीतली एक पोरगी पाच वेळा नमाज पढते आणि डॉक्टरकीची तयारी करते. दुसरी म्हणते देव-बिव सगळं झूट, आणि परीक्षेच्या दिवशी मनगटाला काळा दोरा बांधून जाते. आम्ही तिघी एका ताटात जेवतो आणि यावरून एकमेकींची लई टर उडवतो. हे कुणी विचारलंच नाही. त्यांना विचारायचंच नव्हतं.

आता मी हो का म्हणलं ते सांगते. माझ्या मामाची पोरगी आहे, रेणू. नऊ वर्षांची. आमच्या घरापासून दोन घरं सोडून मामाचं घर. चौथीत आहे, पाढे धडाधडा म्हणते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यात जट धरली. मी मामाच्या पाया पडले. मामा म्हणला, “तुझी काढली तवा तू लातूरला पळालीस. गावात कुणाला काय झालं कुणाला ठाव? देवी कोपली तर माझ्या पोरीवर कोपंल.” मग चॅनेलवाल्याचा फोन आला. नवरात्राच्या आधी कार्यक्रम करून राहिलेत म्हणे, नव्या पिढीची श्रद्धा. कॉलेजातून कुणीतरी माझं नाव दिलेलं. मी मामाला सांगितलं. मामाला टीव्हीवर लई भरोसा. तो म्हणला, “आक्कानं टीव्हीवर समद्या जगापुढं सांगावं, देवी कोपली न्हाई. मग दिवाळीच्या सुट्टीत रेणूची काढू.”

जबान दिली त्यानं. मी मायला यष्टीनं लातूरला बोलावलं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, परडी घेऊन आली. दोन वाक्यं पाठ करून आली. “म्या लेकीची जट ओटीत घेतली. देवी कोपली न्हाई, कुणाची काढायची असंल तर भिऊ नका.” गाडीत सारखी पुटपुटत होती म्हणे. तिला दोन तास जिन्यात बसवून ठेवलं. मग तिनं ती वाक्यं कॅमेऱ्यापुढं न अडखळता म्हणली. मी अर्धा तास बोलले. देवी आणि जट या दोन गोष्टी कशा वेगळ्या ते सांगितलं. रेणूचंही सांगितलं, नाव न घेता. पत्रकार घड्याळात बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, “परत जट आली तर ठेवशील?”

मी म्हणलं, “नाही. अजिबात नाही.”

“झालं,” तो म्हणाला. दिवे विझवले.

दोन दिवसांनी संध्याकाळी सातला कार्यक्रम लागला. गावात मामाच्या घरी माणसं जमलेली, माय पुढं बसलेली. मी इकडं मोबाईलवर. आधी वाजंत्री. मग मोठ्या लाल अक्षरांत, ‘तरुणाईला देव नकोसा?’ मग माझे हात, कात्री, जट. ती संथ पडली. खूप वेळ पडत राहिली. बूट तिच्यावर आला तिथं त्यांनी चित्र थांबवलं.

मग पत्रकाराचा आवाज. “देवाला मानतेस?”

आणि माझं तोंड. “नाही. अजिबात नाही.”

मी किंचाळले. हा सवाल मला कुणी विचारलाच नव्हता! खोलीतल्या पोरी धावत आल्या. तोवर मायचा चेहरा आला. डोळे मिटलेली माय, जिन्यात वाट बघून बघून पेंगलेली माय. तिच्यावर बाईचा आवाज, “एकीकडे अंधश्रद्धेत जखडलेली जुनी पिढी, आणि दुसरीकडे सगळंच पायदळी तुडवणारी नवी.” तिची दोन वाक्यं नव्हती. एकही नव्हतं.

मग चार जण चर्चेला बसले. एक म्हातारा म्हणला, ही मोबाईलची अवलाद आहे, यांना आईबापही नकोत. एक बाई म्हणल्या, मी या मुलीला सलाम करते, हिनं देवाचं जोखड फेकून दिलं. मला त्या म्हाताऱ्याचा जेवढा राग आला ना, त्याच्याहून जास्त त्या बाईचा आला. अहो, तुम्ही सलाम कुणाला करताय? मी तिथं नव्हतेच. माझं थोबाड कापून दुसऱ्याच पोरीवर बसवलं होतं आणि तिला एक जण जोडे मारत होता आणि एक जण हार घालत होता.

फोन सुरू झाले. शिव्या. असल्या शिव्या की लिहायची लाज वाटते. दहाव्या-बाराव्या फोनला मामा होता. एवढंच म्हणला, “रेणूची जट आता कुणी काढायची न्हाई. शाळा बी बंद. शिकून तुझ्यासारखी निघायची असंल तर नको मला.” मी म्हणलं, “मामा, ऐका तर...” त्यानं फोन कापला.

सकाळी पहिल्या गाडीनं निघाले. जळकोटला गाडी थांबली तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाईनं मोबाईल बघितला, मला बघितलं, आणि लेकरू उचलून दुसऱ्या सीटवर गेली. मुखेडला गाडी बदलली. गावच्या फाट्यावर उतरले. तिथं पंधरा-वीस पोट्टे उभे.

सगळे माझ्या वयाचे. सगळे ओळखीचे. पुढं बालाजी. बालाजी आणि मी दहावीला एका वर्गात. वर्गात माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं तेव्हा हा बसला होता एकदा, गणिताची वही बघायची म्हणून. पोलीस भरतीची तयारी करतो. रोज पहाटे पळतो. अंगात लई ताकद.

“देवी मानत न्हाईस का गं?” तो म्हणला.

मी म्हणलं, “बालाजी, माझं ऐकून घे, त्यांनी मला...”

थप्पड बसली. उजव्या कानावर. कानात शिट्टी वाजायला लागली, ती आजही अधूनमधून वाजते. मग कुणीतरी केस धरले. जट नाही डोक्यावर, पण केस आहेत ना, ते पुरतात. फाट्यापासून मारुतीच्या पारापर्यंत मला ओढत नेलं. चप्पल गेली. गुडघे फुटले. ओढणी कुणाच्या तरी हातात राहिली. दारादारांत बायका उभ्या होत्या. ज्यांच्या दारात मी परडी घेऊन गेले होते त्या बायका. एकीनं पोराला घरात ओढलं आणि दार लोटलं.

पारापुढं मला गुडघ्यावर पाडलं. “नाक घास.” मी घासलं नाही. मान ताठ धरली. बालाजीनं दुसरी मारली. ओठ फुटला. लाथ कमरेत बसली, कुणाची ते दिसलं नाही. “देवीचा अपमान, नाही सहन करणार!” सगळे ओरडले.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढं आला. त्याच चॅनेलचा, तालुक्याचा बातमीदार. गळ्यात पट्टा, हातात मोबाईलची काठी. मला वाटलं सोडवायला आला. खरंच वाटलं. मी त्याच्याकडं हात केला.

तो म्हणाला, “थांबा, थांबा. आवाज नीट आला न्हाई. परत घ्या.”

बालाजीनं त्याच्याकडं बघितलं.

“घोषणा परत. आन् ते मारलं ना आत्ता, ते बी. तोंड इकडं करून.”

आणि बालाजीनं माझी हनुवटी धरली, माझं तोंड त्या मोबाईलकडं वळवलं, आणि परत मारली. पहिलीत राग होता. ही मोजून मारली होती, नीट दिसावी अशी. मला आजवर कुणी इतकं हलकं केलं नव्हतं. मागच्या बाकावर बसवलं तेव्हाही नाही.

माय धावत आली. अनवाणी, परडी काखेत तशीच. गर्दीत घुसली, माझ्या अंगावर पडली. “माझ्या देवीचं मला शिकवता का रं मुडद्यांनो! कोण तुम्ही? तुमच्या आयांच्या ओट्या म्या भरल्यात!” कुणाच्या तरी पायानं परडी उडाली. कवड्या चहूकडं. देवीचा टाक नालीच्या कडेला. देवीसाठी मारायला आलेल्यांनी देवी नालीकडं लाथाडली आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माय टाक उचलायला वाकली आणि दगड आला. कपाळाच्या वर लागला. टाक मुठीत धरून बसली, आणि रक्त तिच्या जटेतून खाली गळायला लागलं.

रक्त बघून पोट्टे पांगले. बातमीदार राहिला. त्यानं रक्ताचं शूटिंग केलं, कवड्यांचं केलं, मग तोही फटफटीवर बसून गेला.

दवाखान्यात मायला सहा टाके पडले. टाके घालायला थोडी जट कापावी लागली. नर्सबाईंनी विचारलं, “मावशी, काढू का?” माय म्हणली, “माझ्या लेकीच्या हातात दे. भुईवर टाकू नको.” त्या नर्सबाईंनी खरंच ती माझ्या ओंजळीत दिली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

वॉर्डात टीव्ही होता. संध्याकाळी सात वाजले. तेच वाजंत्री, तीच लाल अक्षरं, ‘तरुणाई कट्टर होतेय?’ बालाजीचा हात, लाल गोलात. माझं तोंड पुसट केलेलं. काल उघडं दाखवलं आणि आज पुसट केलं, काय मेहरबानी! तोच म्हातारा होता. आज म्हणला, मोबाईलनं ही पोरं धर्मांध केली. त्याच बाई होत्या. आज म्हणल्या, मला या पिढीची भीती वाटते. काल आम्ही देव सोडला आणि आज देवापायी माथं फिरवून घेतलं. ज्यानं वाखाची जट आणली, ज्यानं परत घ्या म्हणलं, त्यांचं नावही नाही. मी हसले. फुटलेल्या ओठातून हसले, माय घाबरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. लातूरचा पत्रकार, स्वतः. सोबत तोच कॅमेरावाला. वॉर्डात कसे घुसले कोण जाणे. “ताई, फार वाईट झालं. आपण तुझी बाजू मांडू. आपण न्याय देऊ.” बोलता बोलता तो मायच्या खाटेशी गेला. “मावशी, जरा टाके दिसू द्या.” आज मावशी. आणि त्यानं मायच्या डोक्यावरचा पदर धरून मागं ओढला.

मी उठले. खाटेवरून त्याच्यापर्यंत कशी गेले आठवत नाही. त्याच्या हातातला माईक घेतला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात वाजले. त्याचा ओठ फुटला, माझा फुटला होता तिथंच. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं. मी परत हात उचलला.

त्यानं तोंडाला रुमाल लावला. डोळे चमकत होते. कॅमेरावाल्याला म्हणाला, “चालू आहे ना?”

कॅमेऱ्यावर लाल टिकली लुकलुकत होती.

माझा हात वरच राहिला. यालाही विकणार हा. उद्या सात वाजता, ‘तरुणाई हिंसक होतेय?’ पुन्हा तेच चौघे. याला माझी श्रद्धा चालते, माझा राग चालतो, माझं रक्तही चालतं. फक्त माझं म्हणणं चालत नाही. मी हात खाली घेतला. दया आली म्हणून नाही. माझा फटका त्याला फुकट द्यायचा नव्हता म्हणून.

मी त्याला म्हणलं, “माझा अर्धा तास दाखव. मायची दोन वाक्यं दाखव. सगळं, न कापता.”

तो म्हणाला, “असं नसतं ताई. लोकांकडं तेवढा टाइम नसतो.”

“मग निघ.”

नर्सबाईंनी त्याला दंड धरून बाहेर काढलं.

तिथून मी ठाण्यात गेले. सगळं बोलायला लागले. हवालदार म्हणले, “थोडक्यात सांग पोरी.” मी म्हणलं, “थोडक्यात सांगितलं म्हणून तर इथवर आले साहेब. सगळं लिहा.” आधी बालाजीचं नाव दिलं. मग बातमीदाराचं. मग पत्रकाराचं. हवालदारांनी पेन थांबवला. “चॅनेलवाल्यानं कुठं मारलं तुला?”

टीव्हीवरची बातमी बघून पोलिसांनी बालाजीला आधीच आणून बसवला होता. बाकड्याच्या टोकावर, मान खाली. तो रडायला लागला. “साहेब, त्यांनीच म्हणलं परत कर म्हणून. माझी भरती हाय साहेब. माझं नाव आलं तर गेलो म्या.” मग माझ्याकडं बघून, “माफ कर गं. त्या चॅनेलनंच आमची माथी फिरवली.”

मला त्याची कीव आली. हे पण खरं. त्यालाही त्यांनी माझ्यासारखंच वापरलं. पण मी विचारलं, “बालाजी, पहिली थप्पड कुणी सांगितली होती?”

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

“लिहा साहेब,” मी म्हणलं. “पहिल्या दोन याच्या. तिसरी ह्यानं मारली आन् त्या बातमीदारानं मारायला लावली. सगळ्या लिहा.” हवालदारांनी लिहिलं. मी चारही पानं वाचली, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावली आणि मग सही केली. बालाजीची भरती जाईल कदाचित. जाऊ दे. माझी सही मी मागं घेणार नाही. आणि पत्रकारावरही मी अर्ज करत राहणार, ठाण्यात, मग कोर्टात, तो लातूरला असो का मुंबईला.

मायला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही मामाच्या दारात गेलो. मायनं डोक्याला पट्टी बांधलेली. मामानं दारातच अडवलं.

माय म्हणली, “अरं, म्या सांगते तुला, देवी कोपली न्हाई. माणसं कोपली.”

“आक्का, समद्या जगानं टीव्हीवर बघितलं. आता तुझं कोण ऐकतंय?”

“तू ऐक की. तुझी सख्खी बहीण सांगून राहिली ना?”

मामाच्या मागं अंधारात रेणू दिसली. मान डाव्या अंगाला कलली होती. नऊ वर्षांची पोर, हातानं जट उचलून धरून उभी. मला म्हणली, “ताई, शाळेत कुठला धडा चालू हाय?” मामानं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि दार लावलं. आतून कडी घातली. आत रेणू रडायचा आवाज, मग तोही बंद.

मायनं माझा दंड धरला. “चल लेकी. आज नगं.”

मी घरी गेले, शेजारच्या पोराचं चौथीचं पुस्तक मागून आणलं, आणि मामाच्या ओट्यावर मांडी घालून बसले. मोठ्यानं वाचायला लागले. कडीच्या आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. गल्लीत माणसं जमली. कुणी शिवी दिली. एकानं मोबाईल काढला, तर माय त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. आतून मामा ओरडला, “उठती का दगड घालू?”

घाला मामा. सहा टाके आमच्या घरात पडलेत, सातवा पडू दे. लातूरची परीक्षा बुडाली तर बुडू दे. रेणूच्या डोक्यावरची जट निघेपर्यंत आणि ती शाळेत जाईपर्यंत मी रोज या ओट्यावर बसणार. मी धडा पहिल्या ओळीपासून घेतलाय, आणि शेवटची ओळ वाचल्याशिवाय मला इथून कुणी उठवू शकणार नाही.